एक जूनचे दोन संतोष

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला तर मुळीच नाही — देवापुढं उभा राहिलो की मी पटकन दुसरंच काहीतरी मागतो आणि बाहेर पडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगायचं तर आता फार दिवस उरलेले नाहीत. म्हणजे मी मरायला टेकलोय असं काही नाही, तब्येत ठणठणीत आहे. एक कागद यायचाय. तो आला की सगळ्यांनाच कळणार आहे. त्याआधी एकदा तरी माझ्या तोंडून निघावं, एवढंच.

माझं नाव संतोष. वडिलांचं नाव बाळासाहेब. आडनाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही — आमच्या वडगाव रासाईत निम्मं गाव त्याच आडनावाचं. गाव भीमेच्या काठावर. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. मी आता पलीकडं असतो, दौंडला, एका शाळेत क्लार्क. पोरांचे दाखले लिहितो. नावातल्या, जन्मतारखेतल्या चुका दुरुस्त करून देतो. हसू नका. का म्हणालो ते पुढं कळेल.

गावच्या शाळेत आमच्या वर्गात दोन संतोष होते. दोघांच्या वडिलांचं नाव बाळासाहेब, आडनाव एकच, भावकी मात्र लांबची. हजेरी घेताना गुरुजी वैतागायचे. मग त्यांनीच तोडगा काढला. तो झाला संतोष बाळासाहेब एक, मी झालो संतोष बाळासाहेब दोन. पोरांनी त्याचं एक्या आणि दोन्या केलं. माझ्या डोक्यावर आता केस राहिले नाहीत, तरी गावात गेलो की मी दोन्याच.

आणि जन्मतारीख. आमच्या वेळी आईबापांना पोराचा जन्म कसा आठवायचा? — पोळ्याच्या आसपास, नदीला मोठं पाणी आलं त्या साली. गुरुजी कशाला डोकं लावतील? सगळ्यांना एक जून लिहून मोकळे. अजूनही एक जून उजाडला की गावाच्या ग्रुपवर नुसता केकचा चिखल होतो. कुणी कुणाला शुभेच्छा द्यायच्या तेच कळत नाही, कारण सगळ्यांचाच वाढदिवस. आमचं दोघांचं सालही एकच. म्हणजे कागदावर बघाल तर नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, तारीख तीच, मुक्काम पोस्ट तेच. प्रत्यक्षात एक्या चांगला उंच, हसला की डोळे मिटणारा. मी बुटका. पण कागदाला उंची कुठं असते?

मी मासे धरायला नदीवर पळायचो, तेव्हा एक्या माझ्या नावालाही ‘हजर’ म्हणायचा. आवाज बदलून. एकदा गुरुजींनी पकडलाच. हातावर छड्या बसल्या, पण दोन्या कुठं गेलाय ते त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी भेटला तेव्हा तळहात लाल झालेले, आणि विचारतो काय — “मासं घावलं का?”

मी विषय टाळतोय. तुमच्या लक्षात आलं असेल.

बरं. गाडीपासून सुरुवात करतो. सत्तावीस वर्षांचा होतो. कोरेगाव भीमाजवळ एका कारखान्यात टेंपररी लागलो होतो. दर महिन्याला पगार हातात यायला लागला आणि डोकं फिरलं. शिरूरला शोरूममध्ये एक लाल मोटरसायकल दिसली. फायनान्सवर मिळत होती. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, दोन फोटो — बस. पॅनकार्ड तेव्हा माझ्याकडं नव्हतंच आणि त्यांनीही अडून धरलं नाही. करारावर फोटो चिकटवला, फोटोवरून आडवी सही केली. तेव्हा मला बारीक मिशी होती. फोटोत मी हसतोय, तेही जरा जास्तच. हा फोटो नीट लक्षात ठेवा. मला तर तो विसरताच येत नाही.

गावात काय सांगितलं? रोख घेतली, बोनसमधून. एक्याला मागं बसवून न्हावऱ्यापर्यंत चक्कर मारली तेव्हा त्यालाही हेच सांगितलं. त्यानं पाठीवर थाप मारली. त्याला खरंच आनंद झाला होता, मत्सर हा प्रकार त्या माणसात नाहीच.

आठ-नऊ महिन्यांत कारखान्यानं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. हप्ते थांबले. एक दिवस फायनान्सची माणसं शिरूरच्या स्टँडसमोरून गाडी घेऊन गेली. गावात म्हणालो, विकली. त्यांनी ती गाडी विकूनही बाकी राहिलीच होती, ती मी कधी भरली नाही. एक-दोन पत्रं आली, फाडून टाकली. पुढं दौंडला शाळेत लागलो, पॅनकार्ड काढलं ते दौंडच्या पत्त्यावर, लग्न झालं. गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

ही झाली एक चूक. पण मी सांगायला बसलोय ती ही नाही. तरण्या वयात अशी चूक करणारे गल्लीगल्लीत सापडतील. एवढंच असतं तर तुम्हाला तसदी दिली नसती.

आठ वर्षांपूर्वी दौंडला घर घ्यायचं ठरलं. बँकेत गेलो. साहेब म्हणाले, आधी तुमचा रिपोर्ट काढू — तुम्ही आजवर कुठं कर्ज घेतलं, कसं फेडलं, सगळं त्यात येतं. बायको शेजारी बसलेली. तिलाही गाडी रोखीचीच माहीत. साहेबांनी स्क्रीनकडं बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, एकदम स्वच्छ आहे. मला वाटलं त्यांचं काही चुकलं. प्रिंट हातात घेऊन दोनदा वाचली. लाल गाडी कुठंच नव्हती.

आनंद झाला का? झाला. बायकोनं येताना पेढे घेतले. पण तिथं, त्या खुर्चीत बसल्या बसल्याच डोक्यात एक प्रश्न आला होता — गाडी गेली कुठं? कर्ज देणारा कधी विसरत नाही. माझ्या नावावर नाही, मग कुणाच्या नावावर? माझा पत्ता आता दौंडचा. वडगाव रासाईच्या पत्त्यावर त्या नावाचा, त्या बापाचा, एक जूनचा असा एकच संतोष उरला होता. मी नदी ओलांडून आलो होतो आणि गाडी मात्र अलीकडंच राहिली होती.

म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. ‘शंका आली होती’ असं लिहिणार होतो, पण नको. कळलं होतं. मी एक्याला फोन केला का? विचारलं का, बाबा, तुझा रिपोर्ट एकदा बघून घे? नाही केला. मनाची समजूत घातली — एक्याला बँकेशी काय देणंघेणं? झेंडू लावतो, कोथिंबीर लावतो, पाटी भरून बाजारात नेतो. लागलं तर गावच्या सोसायटीतून घेतो, तिथं तर सगळं ओळखीवर चालतं. त्याला कधी रिपोर्ट लागणारच नाही.

लागला. तीन वर्षांपूर्वी लागला.

एक्याला एकच मुलगी, पल्लवी. लहानपणापासून हुशार. बारावीनंतर तिला नगरच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला जागा मिळाली. घरात कुणी न सांगता, स्वतः फॉर्म भरून मिळवलेली जागा. शैक्षणिक कर्जाला बापाची सही लागते, म्हणून बँकेनं एक्याचा रिपोर्ट काढला आणि फाईल परत केली. फी भरायला तीन आठवडे होते.

तो माझ्या शाळेत आला. मधल्या सुट्टीत. मैदानावर पोरांचा कालवा चाललेला. खताच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चार कागद. माझ्या टेबलासमोर बसला आणि ती पिशवी माझ्याकडं सरकवली. “दोन्या, तुला कागदातलं कळतंय. बघ बरं काय म्हणतंय हे. मी म्हंजी गाडीचं कर्ज बुडवलंय म्हणं. आरं, मी जल्मात फायनान्सवर गाडी घेतली न्हाई.”

मी कागद उघडले. दुसऱ्या पानावर ती होती. कर्ज घेतल्याचा महिना, रक्कम, शेवटचा हप्ता. माझं सगळं आयुष्य कुणीतरी दुसऱ्याच्या नावाखाली नीट टाईप करून ठेवलं होतं. आणि एक्या तिथल्या एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवून मला विचारत होता, “हे राइट ऑफ म्हंजी? राइट म्हंजी बरोबर ना? आन् ऑफ म्हंजी बंद. मग बरोबर बंद झालंय की. चांगलंच हाय की हे.”

त्याला सांगावं लागलं की चांगलं नाही. राइट ऑफ म्हणजे बुडीत. देणाऱ्यानं आशा सोडली, पण नाव ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एवढं सावकाश गेलं की मला खाली बघावं लागलं.

तुम्ही विचाराल, तिथंच का नाही सांगितलं? दार बंद करून दोन वाक्यं बोलायची होती. गाडी माझी आहे, नावामुळं तुझ्यावर पडली. एवढंच. जास्तीत जास्त काय झालं असतं? मला वाटलं — नोकरी जाईल. घराचं कर्ज बँक परत मागेल. बायकोला कळेल, शाळेत कळेल, सगळा तालुका म्हणेल, दाखले दुरुस्त करणारा हाच का तो. यातलं काय होणार होतं आणि काय नव्हतं ते मी कधी कुणाला विचारलंही नाही. भीतीला मी नीट प्रश्नच विचारले नाहीत. पण सगळ्यात जास्त भीती कशाची होती सांगू? समोर बसलेल्या त्या माणसाच्या तोंडाची. ते तोंड माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघेल, याची.

मी म्हणालो, चूक आहे ही. रिपोर्ट बनवणाऱ्यांकडं तक्रार करू.

त्याला किती बरं वाटलं. मी कोऱ्या कागदावर छान भाषेत अर्ज लिहिला — तो माझ्या हातचा मळ. सदर कर्ज अर्जदाराने घेतलेले नसून, वगैरे. एक्यानं खाली मराठीत सही केली, शाळेतल्यासारखी, जीभ दातात धरून. मी म्हणालो, रजिस्टर पोस्टानं पाठवतो. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि पोस्टाचे पैसे टेबलावर ठेवायला लागला. मी घेतले नाहीत. तेवढा मोठेपणा मी केला.

तो अर्ज मी पाठवला नाही.

आता लिहिलं बघा. गेली तीन वर्षं हे वाक्य माझ्या घशात अडकलं होतं. तो अर्ज माझ्या ऑफिसच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खाली आहे. आजही आहे. फाडायचं म्हणून कितीदा तरी काढला आणि परत ठेवला. पाठवला असता तर काय होणार होतं, हे मला चांगलं माहीत होतं. रिपोर्टवाले फायनान्सकडं विचारणा करणार, फायनान्सवाले जुना करार काढणार, आणि करारावर माझा फोटो. बारीक मिशीचा. हसणारा. गपचूप जाऊन राहिलेली बाकी भरता आली असती का? आली असती, तेवढी ऐपत होती. पण पावती कुणाच्या नावाची निघेल, तिथं कुणी ओळख विचारेल का — या भीतीनं मी त्या ऑफिसच्या पायरीवरून परत आलो. एकदा नाही, दोनदा.

आठवड्यानं एक्याचा फोन आला. मी म्हणालो, वाट बघ. पुन्हा चार दिवसांनी आला. आवाज दबका झालेला. फीची तारीख जवळ येत होती. मी म्हणालो — अगदी शांतपणे म्हणालो, मलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं — की रिपोर्टवाल्यांचं उत्तर आलं. फोनवर सांगितलं त्यांनी. नोंद बरोबर आहे म्हणतात.

मागं मोटार चालू असल्याचा आवाज येत होता, पाणी भरत असावा. मग म्हणाला, “आसं कसं व्हईल?”

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. इथपर्यंत मी खोटारडा आणि भित्रा होतो, बस. याच्यापुढचं सांगताना मला तुमच्याकडं बघवत नाही — आणि तुम्ही तर समोरही नाही.

एक्याची बायको मंगल. मंगलवहिनी. तिचा एकुलता एक भाऊ राजू, केडगावला गॅरेज आहे त्याचं. बोलायला फाकडू, जरा उडाणटप्पू म्हणून नाव असलेला, पण बहिणीवर जीव. त्या आठवड्यात तो स्वतःहून एक्याला म्हणाला होता — दाजी, तुमचा रिपोर्ट खराब असंल तर कर्जाला मी उभा राहतो, माझी सही घ्या, माझ्या गॅरेजचे कागद हायेत. बँकही तयार होती, मामा चालेल म्हणाली होती. दोन दिवसांत जाऊन सह्या करायच्या, एवढंच राहिलं होतं. हे एक्यानंच मला त्याच फोनवर सांगितलं. म्हणजे पल्लवीची जागा वाचत होती. माझ्या खोट्यासकट वाचत होती. मी फक्त गप्प बसायचं होतं.

पण एक्याच्या डोक्यातून ते जाईना. “मी घेतलं न्हाई, तर मग आलं कुठनं? कुणी घेतलं माझ्या नावानं?” तेच तेच विचारत राहिला. आणि मला वाटलं, हा आता शोधणार. शोधत शोधत एक दिवस त्याला न्हावऱ्याची चक्कर आठवणार. त्याचा हा प्रश्न कुठंतरी टेकला पाहिजे, एवढंच त्या क्षणी मला सुचत होतं.

आमच्याकडं सही देतात. पाहुणा म्हणाला, भावकीतला म्हणाला की माणूस कागद न वाचता सही देतो. वाचायला मागणं म्हणजे अपमान. हे मला माहीत होतं. एक्यानंही कधीतरी दिली असेलच, हेही माहीत होतं.

मी म्हणालो, “आठव बरं. मेहुण्यासाठी कुठं सही दिली होतीस का?”

असा प्रश्न केला मी. नाव घेतलं नाही, आरोप केला नाही. क्लार्क माणूस, शब्द मोजून वापरतो. मग तो हळूच म्हणाला, “व्हय. गॅरेज काढलं तवा दिली व्हती एक.”

मी म्हणालो, “मग बघ.”

त्याच दिवशी तो केडगावला गेला. माझ्या सहीवर गाडी उचललीस म्हणून गॅरेजच्या दारात, गिऱ्हाइकांसमोर, दोघांचं वाजलं. राजूनं आईची शपथ घेतली. उडाणटप्पू माणसाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? त्यातून एक्याला वाटलं, स्वतःचं पाप झाकायलाच हा पल्लवीसाठी सही द्यायला पुढं झाला होता. चांगुलपणाच पुरावा ठरला. राजूची सही राहिली, फीची तारीख गेली, पल्लवीची जागा पुढच्या कुणाला तरी मिळाली.

बँकेनं विचारलं होतं, मामा नसेल तर दुसरं कुणी नोकरदार आहे का ओळखीत? एक्यानं मला विचारलं नाही. मलाही घराचा हप्ता आहे हे त्याला माहीत होतं. अडचणीत टाकायचं नाही म्हणून त्यानं विचारलं नाही, आणि मी त्याच्या त्या न विचारण्याच्या आड बसून राहिलो.

पल्लवीनं शिरूरला बी.कॉम. केलं. दोन वर्षांपूर्वी माझी कंबर धरली होती, तेव्हा ती फराळ द्यायला आली आणि मला भिंतीला टेकवून उभं केलं, कसं वाकायचं ते दाखवलं. “काका, आसं न्हाई, गुडघ्यातनं वाका.” पुस्तक कुठलं तरी विकत घेऊन वाचत होती म्हणे, उगाच आवड म्हणून. कंबर दोन दिवसांत सुटली. बरं वाटतंय एवढंही मी तिला कळवलं नाही.

आणि मंगलवहिनी. ती भावाशी बोलायची थांबली. नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नाही म्हणा, किंवा तिलाही ते खरं वाटलं म्हणा — मला माहीत नाही, विचारायची माझी हिंमत नाही. मागच्या दिवाळीत मी सहकुटुंब त्यांच्याकडं गेलो होतो. भाऊबीजेचा दिवस. दिवस मावळला तशी ती लगबगीनं ताट घेऊन अंगणात आली. द्वितीयेचा चंद्र फार वेळ थांबत नाही, दिसतो न दिसतो तोच मावळायला लागतो. तिनं उसाच्या वरती ती कोर शोधली आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती असं ओवाळते. हिचा भाऊ नदीपलीकडं, अर्ध्या तासाच्या अंतरावर, गॅरेज उघडं ठेवून बसलेला. ओवाळून झाल्यावर तिनं ताटातली करंजी उचलून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

आता पल्लवी शिरूरलाच एका फायनान्सच्या शाखेत लागली आहे. दिवसभर लोकांचे रिपोर्ट वाचणं हेच तिचं काम. हे कळलं त्या दिवसापासून माझी झोप, जेवण, सगळं बिघडलंय. फोन वाजला की आधी नाव बघतो. शाळेच्या फाटकात स्कूटी थांबल्याचा आवाज आला की पेन खाली ठेवतो. पोस्टमन आला की त्याच्या हाताकडं बघतो. बायको म्हणते शुगर तपासून घ्या.

मागच्या रविवारी पल्लवीचा फोन आला. “काका, पप्पांची ती तक्रार तुम्ही रजिस्टरनं धाडली व्हती ना? पावती हाय का वो तिची?” मी म्हणालो, घर आवरताना गेली असेल. “बरं, आसू द्या. आमच्यात रोज बघते मी, नाव एक, तारीख एक आसली की मिसळतंय कवा कवा. मीच आता नवी तक्रार टाकलीय. आन् त्या गाडीच्या फायनान्स कंपनीकडनं कराराची कॉपी बी मागवलीय. महिन्याच्या आत द्यावी लागती त्यांना. फोटो असंल ना वर, बघू तरी कोण हाय त्यो.” मग जरा थांबून म्हणाली, “काका, तुमचा बी एकदा काढून बघा. तुमचं बी नाव तेच, एक जूनच. पप्पांचा डाग तुमच्यावर नको यायला.”

ती हसली. ते साधं हसणं होतं का? नाव एक, तारीख एक — हे जिला कळलं तिला पुढचं कळलं नसेल? तिला कळलंय आणि ती मला सांगायची जागा करून देतेय का? की तिला खरंच माझी काळजी वाटतेय? तेव्हापासून मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. दोन्हीतलं काय जास्त वाईट, तेही मला ठरवता येत नाही.

संध्याकाळी एक्याचा फोन. बाजारातून परत येत होता, टेंपोचा आवाज होता. “पोरगी म्हणती, तुझ्या बी नावाला लागलं असंल म्हणून. माझ्यामुळं तुझं कुठं काय अडलं न्हाई ना, दोन्या? खरं सांग.”

मी म्हणालो, “नाही रे. माझं काहीच अडलं नाही.”

त्या सगळ्या प्रकरणात मी त्याला सांगितलेलं हे एकमेव खरं वाक्य.

ते कर्ज माझं. तो अर्ज मी दाबून ठेवला. उत्तर आलं म्हणालो ते खोटं. राजूकडं बोट मी वळवलं, पल्लवीची जागा त्यामुळं गेली, मंगलवहिनीचं माहेर त्यामुळं तुटलं. नावाच्या गोंधळानं यातलं काहीच केलेलं नाही. तो फक्त गाडीपुरता होता, बाकीचं सगळं मी केलं.

महिन्याची मुदत असली की कंपनी महिना लावतेच, म्हणजे करार भाऊबीज झाल्यावरच येणार. मी त्याआधी बोललो तर वहिनी यंदा केडगावला जाईल. नाही बोललो तर ताट घेऊन अंगणात येईल. हे मला त्या रविवारी फोन ठेवतानाच कळलं होतं. तेव्हा भाऊबीज अकरा दिवसांवर होती. आज चार दिवस उरलेत आणि मी अजून एक्याला सांगितलेलं नाही.